चौदा नंबरपाशी वीस मिनिटं

पहिल्याच दिवशी, पहिल्या तीन किलोमीटरमध्ये, मार्नी ओकलीच्या टाचेला फोड आला. तो आला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सकाळचे सव्वासहा वाजले होते. हॅलम बेच्या धक्क्यावर, कठड्याला टेकून ती बूट काढत होती. पश्चिमेचा वारा बारीक पाऊस आडवा मारत होता. टास्मानियाच्या त्या किनाऱ्यावर ऑक्टोबरातही तो कुणाला छत्री उघडू देत नाही. मुळात तिला चालायचंच नव्हतं. बेकरीवाल्या नॉरीनबाईंनी परस्पर तिचं नाव संघात घालून टाकलं होतं. महिन्याभरात प्रत्येकानं शंभर किलोमीटर चालायचं, ओळखीपाळखीच्या लोकांनी त्यावर देणगी द्यायची, आणि ती सगळी मनानं खचलेल्या लोकांच्या हेल्पलाइनला जायची.

"दिवसभर बसमध्ये बसून असतेस," नॉरीनबाई म्हणाल्या होत्या. "आपल्याला पाय आहेत हे तरी आठवेल."

मार्नी शाळेची बस चालवायची. पाय आहेत हे तिला आता चांगलंच आठवलं होतं.

"फोड आला?"

तिनं वर पाहिलं. कॅलम प्रायर. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा आणि या चालणाऱ्या संघाचा कॅप्टन. मेलबर्नला चार वर्षं काढून दोन हिवाळ्यांपूर्वी तो गावात परत आला होता. दोघांची ओळख म्हणजे समोरासमोर गाड्या आल्या की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, तेवढीच. हॅलम बेमध्ये सगळेच सगळ्यांना बोट उचलतात. न उचलणं ही तिथं शिवी समजली जाते.

"छे, हौस म्हणून बसलेय पावसात."

"मोजा बघू."

"काय?"

"मोजा गं." त्यानं वाकून पाहिलं. "सुती आहे. मग फोड येणारच." आणि तो खुशाल तिच्या शेजारी बसला, स्वतःचा डावा बूट काढला आणि पायातला लोकरी मोजा काढून तिच्यापुढे धरला. करडा मोजा, टाचेला लाल. "हा वरून चढव."

"तुझ्या पायातला मोजा मी घालू?"

"सकाळी धुतलेला घातलाय. हवं तर वास घेऊन बघ."

"एवढं प्रेम नाहीये माझं तुझ्यावर."

"अजून नाही," तो उघड्या पायावर बूट चढवत म्हणाला. वर न बघता... आणि नाडी बांधून निघूनही गेला.

मोजा उबदार होता. मार्नीनं तो घातला. त्याआधी तिनं काय केलं हे तिनं कुणालाही सांगितलं नाही.

मग संध्याकाळी ती दोघं बरोबर चालू लागली. ठरवून नाही. शेवटचं मूल घरी सोडून ती बस लावायची, तर हा फाटकाशी उभा. जणू काही तिथंच त्याचं काम होतं. चालताना तो नेहमी वाऱ्याच्या बाजूला असायचा. फार बोलायचा नाही, पण जे बोलायचा ते ती घरी जाऊन पुन्हा आठवायची.

"तू बसमध्ये मुलांवर ओरडतेस म्हणे."

"ओरडत नाही. आरशातून बघते."

"मग त्यापेक्षा ओरडलेलं बरं."

"तुला कसं माहीत?"

"मला बघितलंयस ना आरशातून. मंगळवारी. मी मागून येत होतो. गाडी बाजूला घ्यावीशी वाटली."

"सकाळी पण येत जाईन मी," एकदा ती म्हणाली. "तू रोज सहाला निघतोस ना?"

"सकाळी नको." तो जरा थांबला. "सकाळी मी माणसात नसतो, मार्नी."

ती हसली. तिला वाटलं, झोपेबद्दल बोलतोय.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग मार्नीनं ॲप नीट उघडून पाहिलं.

देणगी देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून संघाचं एक ॲप होतं. प्रत्येकाच्या फोनवरून त्याचा रस्ता नकाशावर रंगीत रेघेनं उमटायचा, आणि कुठे किती मिनिटं थांबला तेही दिसायचं. संघातले लोक, देणगीदार, ज्याला हवं त्यानं बघावं. कॅलमची रेघ निळी होती. रोज सहाला घरातून निघायची, बंदराच्या रस्त्यावर यायची आणि चौदा नंबरच्या घरावर येऊन थांबायची. सोमवारी एकवीस मिनिटं. मंगळवारी एकोणीस. बुधवारी चोवीस.

चौदा नंबरमध्ये सास्किया राहायची.

सास्किया म्हणजे गावातली नवी फार्मासिस्ट. ऑगस्टमध्ये होबार्टहून आली होती. उंच मान, हळू आवाज, आणि नखांत कधी कसली घाण नाही. ती आल्यापासून गावातल्या निम्म्या कोळ्यांना खोकला झाला होता. मार्नीनं आजवर तिच्याबद्दल बरंवाईट काहीच मनात आणलं नव्हतं. आता दुकानावरून बस नेताना तिला सास्कियाचा पांढरा कोटही डोळ्यांत खुपायला लागला. कोट इतका पांढरा ठेवायला माणसाला वेळ कुठून मिळतो?

आपल्याला काही वाटत नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. मग फोन उघडून पुन्हा पाहिलं. चोवीस मिनिटांत काय काय होऊ शकतं, याचा तिनं नीट, शांतपणे विचार केला, आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालताना ती आकाशाकडे बघत म्हणाली, "सास्किया चहा छान करते म्हणतात."

"हो," कॅलम म्हणाला. "बरा करते."

बस. नाकारलं नाही, गडबडला नाही, कानही लाल झाले नाहीत. तिच्या हातचा चहा कसा असतो ते याला माहीत होतं.

"आज गप्प आहेस," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"मी? छे. वारा आहे ना."

"वारा रोजच असतो."

"मग रोजच गप्प असेन. तुला कुठे कळायला फुरसत आहे?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग कॉलर वर करून पुढे चालू लागला. मार्नीला तेही लागलं.

रविवारी पहाटे साडेपाचलाच ती घराबाहेर पडली. चालण्याचा सराव म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं. सराव करत करत तिनं चौदा नंबरच्या घराला तीन फेऱ्या मारल्या. पडदे ओढलेले होते. दोरीवर एक फिका गुलाबी गाऊन वाळत होता. तो तिच्या मेल्या सौंदर्याला शोभतच असणार, असं वाटून मार्नीचा आणखी तिळपापड झाला. तेवढ्यात आतला दिवा लागला. ती झटकन शेजारच्या कचऱ्याच्या डब्यांमागे जाऊन बसली. पाच मिनिटं गेली. आठ गेली. दार उघडलं, आणि सास्किया बाहेर आली. हातात कप होते. दोन.

पुढचं पाहायला मार्नी थांबली नाही. मागच्या बोळातून ती सुसाट निघाली ती थेट घरी येऊन थांबली. एका माणसाला दोन कप लागत नाहीत, एवढा हिशेब तिला येत होता.

त्याच दुपारी तिनं संघाच्या ग्रुपवर लिहिलं: 'कॅप्टन, तुझं इंजिन रोज चौदा नंबरपाशीच का बंद पडतं? पार्ट बदलायचाय की मेकॅनिक आवडलाय?'

ग्रुपला विषयच हवा होता. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी लिहिलं, कॅप्टन न थांबता चौदा नंबर ओलांडेल त्या दिवशी माझ्याकडून पन्नास डॉलर जादा. कुणी लिहिलं, मलाही खोकला झालाय. मार्नी दर दोन मिनिटांनी बघत होती. कॅलमनं वाचलं होतं. उत्तर मात्र दिलं नाही.

सोमवारी सकाळी नकाशावर निळी रेघ नव्हती.

संध्याकाळी फाटकाशी तो नव्हता. मंगळवारीही रेघ नव्हती. बस त्याच्या कारखान्यावरून गेली, तेव्हा शटर खाली होतं आणि बाहेर कुणाचीतरी बोट उघड्या इंजिनानं तशीच पडली होती. 'लाजला बिचारा,' असं ग्रुपवर म्हणाले. मार्नीला आधी बरं वाटलं. मग मंगळवारी दुपारपर्यंत त्या बरं वाटण्याची लाज वाटायला लागली.

शाळा सुटायला अवकाश होता. ती बेकरीत शिरली.

नॉरीनबाईंनी न विचारता सॉसेज रोल पुढे सरकवला. "तू लिहिलंस ते वाचलं."

"गंमत होती हो."

"हं. आणि रविवारी चौदा नंबरला तीन प्रदक्षिणा घातल्यास, तीही गंमत?"

मार्नीचा घास तोंडातच राहिला. "तुम्हाला कसं..."

नॉरीनबाईंनी आपला फोन तिच्यासमोर धरला. नकाशावर एक पिवळी रेघ होती. पिवळी म्हणजे मार्नीची. ती चौदा नंबरभोवती नेटकी तीन वेळा फिरली होती, आणि शेवटी डब्यांच्या जागी ठिपका होता. आठ मिनिटं.

दुसऱ्याची रेघ बघण्याच्या नादात आपलाही फोन खिशात आहे, हे ती साफ विसरली होती.

"मी म्हटलं, पोरीचं कुत्रं हरवलं असेल," नॉरीनबाई म्हणाल्या. "मग आठवलं, तुझ्याकडे कुत्रंच नाही."

"सगळ्यांनी बघितलं?"

"सगळ्यांनी नाही. पाद्री सुटीवर गेलेत."

मार्नीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग काउंटर पुसता पुसता, वेगळ्याच आवाजात, गेलेल्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या, "आमचा डग फार हसरा होता. शेवटच्या वर्षी गप्प झाला, तर आम्ही सगळे त्याची थट्टा करायचो, म्हातारा झालास म्हणून. मी सुद्धा." फडकं थांबलं. "दोन दिवस तो पोरगा घरातून हललेला नाही, मार्नी. आपण सगळे हे चालतोय कशासाठी, ते कुणाच्या लक्षात आहे का?"

सॉसेज रोल तसाच टाकून मार्नी निघाली. सरळ कॅलमकडे जाण्याची तिची हिंमत झाली नाही. ती रस्त्यापलीकडे औषधांच्या दुकानात शिरली.

सास्कियानं तिला पाहिलं आणि हातातली बाटली खाली ठेवली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"तो आजारी आहे का?" मार्नीनं विचारलं.

"ते मी नाही सांगणार. ते त्याचं आहे, त्यालाच विचार." मग जरा थांबून ती म्हणाली, "माझ्यापुरतं एक सांगते. माझ्या घरात त्यानं अजून पाऊल टाकलेलं नाही. घरासमोर, रस्त्यापलीकडे बाक आहे ना, त्याच्यावर बसतो. मी चहा नेऊन देते. नकाशाला रस्त्याच्या अलीकडचं पलीकडचं नीट कळत नाही."

"अस्सं," मार्नी म्हणाली.

"आणि रविवारी डब्यांमागे आहेस हे सांगायचं होतंस. तिसरा कप आणला असता."

वाईट म्हणजे ती हे चिडून बोलली नव्हती. चांगली होती बाई. मार्नीला तिचा राग करायला आता काहीच उरलं नव्हतं, आणि तरीही थोडा उरलाच होता.

मुलांना घरोघर सोडून साडेचारला ती कॅलमच्या दाराशी उभी राहिली. हातात धुऊन घडी घातलेला करडा मोजा. दार उघडायला बराच वेळ लागला. त्यानं दाढी केलेली नव्हती. अंगात भोक पडलेला स्वेटर होता आणि डोळ्यांखाली काळं.

"मोजा परत करायला आले," ती म्हणाली.

"एकच?"

"एकच दिला होतास."

तो बाजूला झाला. स्वयंपाकघरात दोन दिवसांची भांडी पडली होती. मार्नीनं त्यांच्याकडे न बघता खुर्ची ओढली आणि म्हणाली, "ग्रुपवर लिहिलं ते वाईट केलं मी. मी जळत होते, कॅलम. दुसरं काही नाही. नुसती जळत होते."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तीन फेऱ्या."

"...पाहिलंस तू?"

"या दोन दिवसांत एकदाच हसलो. ती रेघ बघून." मग त्याचं हसू गेलं. तिनं टेबलावर ठेवलेला मोजा जवळ ओढून तो त्याच्याकडे पाहू लागला. "पण तू लिहिलंस ते खरंच आहे. बंद पडतं."

तिनं खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"सकाळी त्या बाकापर्यंत येतो. तिथून पुढे पाय उचलत नाहीत. दुखतबिखत काही नाही. उठून पुढे जायचं तर कशाला जायचं, हेच सुचत नाही. मग वीसेक मिनिटांनी सुचतं, आणि उठतो. दोन हिवाळे झाले याला. दूर बर्नी शहरातल्या डॉक्टरकडे जातो, इथं कुणाला कळू नये म्हणून. पण गोळ्या मिळायचं दुकान गावात एकच." त्यानं खांदे उडवले. "तिनं एकदा मला बाकावर बघितलं. काही विचारलं नाही, चहा आणला. मग मीच बोललो. आता सांग, मी यांचा कॅप्टन. लोक माझी पाठ थोपटून देणग्या देतात, की हा किती खंबीर आहे, दुसऱ्यांसाठी चालतो. त्यांना काय सांगू?"

मार्नीला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण त्या सगळ्याच्या तळाशी जे बोचत होतं ते तिला गिळता आलं नाही.

"तिला सांगितलंस," ती म्हणाली. "मला नाही. रोज संध्याकाळी मी शेजारून चालत होते."

"तिला सांगणं सोपं होतं गं."

"का?"

"ती माझ्याबद्दल काय समजेल, याची मला कुठे पडलीये?"

बस वळवायला लागतो तेवढा वेळ मार्नीला हे कळायला लागला. मग तिच्या कानांपर्यंत रक्त चढलं. बाहेर कुणाच्यातरी बोटीच्या दोऱ्यांना अडकवलेल्या घंट्या वाऱ्यानं वाजत होत्या, आणि तो अजूनही मोज्याकडेच बघत होता.

"धुतलास होय," तो म्हणाला.

"हो."

"वास घेऊन बघितला होतास का?"

"पहिल्याच दिवशी," मार्नी म्हणाली. "घालायच्या आधी."

त्यानं मान वर केली. ती आजवर ज्याला हसणं समजत होती ते काहीतरी वेगळंच होतं, हे तिला आत्ता कळलं. हे हळू आलं, जरा अवघडून आलं... पण पूर्ण आलं.

"तू आलीस म्हणून हे जाईल असं नाहीये," तो म्हणाला. "आधीच सांगतो. सकाळी मी खरंच माणसात नसतो."

"मी शाळेची बस चालवते. सकाळी माझी चाळीसच्या चाळीस माणसात नसतात."

बुधवारी सहाला दोघं निघाली. बाक आला, आणि तो बसला. ती शेजारी बसली. तिनं काही विचारलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. तिचा हात बाकावर होता, त्यानं त्यावर आपला ठेवला आणि दोघं समुद्राकडे पाहत राहिली. थोड्या वेळानं समोरचं दार उघडलं. सास्किया तीन कप घेऊन आली, दोन देऊन, तिसरा घेऊन आपल्या पायरीवर जाऊन बसली. चहा खरोखरच उत्तम होता. मार्नीला ते मुळीच आवडलं नाही, पण तिनं तो संपवला.

निळी रेघ आणि पिवळी रेघ, एकाच ठिकाणी. सव्वीस मिनिटं. सगळ्या गावाला दिसणार होतंच. उठायच्या आधी कॅलमनं फोन काढला आणि रविवारच्या तिच्या वाक्याखाली उत्तर टाइप केलं. पाठवण्यापूर्वी तिला दाखवलं.

'इंजिन चौदा नंबरसमोरच्या बाकापाशी खरंच बंद पडतं. दोन वर्षं झाली. औषध चालू आहे. आता शेजारी बसायला माणूसही आहे. बाकावर जागा अजून आहे.'

"पाठवू?"

"तुझं तू ठरव."

त्यानं पाठवलं आणि फोन खिशात टाकला. मग दोघं उठून पुढे चालू लागली.

आठ वाजता मार्नी बसमध्ये होती. पहिल्या थांब्यावर मुलं चढेपर्यंत तिनं ग्रुप उघडला. एकही हसणारा चेहरा नव्हता. तासभर कुणीच काही लिहिलं नव्हतं. तेवढ्यात एक ओळ आली. पन्नास डॉलर जादा देणाऱ्याचीच होती ती: 'माझं बंद पडतं, बोट धक्क्याला लावली की. घरी जाववत नाही.' मग दुसरी: 'माझं रविवारी दुपारी, आईच्या घराच्या फाटकाशी.' मग आणखी एक. शेवटी नॉरीनबाई: 'माझं बेकरीच्या मागच्या दारापाशी. डग तिथून यायचा. उद्या बाकावर सरकून बसा, मी बन आणते.'

मागून एक पोरगं ओरडलं की बस का निघत नाही. मार्नीनं डोळे पुसले, आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

बंदराच्या वळणावर समोरून कॅलमची पिकअप आली. शटर वर केलेला कारखाना मागे दिसत होता. त्यानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. मार्नीनं उचललं. हे एवढं सगळ्यांसाठीच असतं; एकमेकांसाठी काही जास्त हवं, म्हणून दोघांनीही बोट खाली घेतलं नाही. गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या तरी नाही.